विधानसभा पंधरावी, निवडणुका चौदा

परळच्या आमच्या अभ्यासिकेत दर शनिवारी संध्याकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना राज्यशास्त्र शिकवते. मध्यंतरी एका मुलीने वही माझ्यापुढे सरकवली. महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकांची वर्षं तिने एकाखाली एक लिहिली होती: १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४. म्हणाली, "मॅडम, मी तीनदा मोजलं. चौदाच होतात. मग २०२४ला आलेली विधानसभा पंधरावी कशी? माझी एक निवडणूक कुठे राहिली?"

तिची एकही निवडणूक राहिली नव्हती. महाराष्ट्राची पहिली विधानसभा महाराष्ट्रासाठी झालेल्या निवडणुकीतून आलीच नाही. ती आली १९५७च्या निवडणुकीतून, आणि तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. मतदारांनी आमदार निवडले एका राज्यासाठी. तीन वर्षांनी त्या राज्याची दोन राज्यं झाली, आणि तेच आमदार दोन सभागृहांत वाटले गेले. त्यांतल्या मुंबईत राहिलेल्या भागाला आपण पहिली विधानसभा म्हणतो.

एवढं उत्तर परीक्षेपुरतं चालेल. पण त्या सभागृहात कोण होतं, त्याचं नेतृत्व कोणाकडे होतं आणि चालू मुदतीत एक विधानसभा दोन भागांत कशी वाटली गेली, हे नीट समजून घेतलं तर आजच्या विधानभवनातल्याही बऱ्याच गोष्टी उलगडतात. मुलांना मी ते फळ्यावर समजावलं. इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

द्विभाषिक म्हणजे काय होतं

१ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि मुंबई राज्याचा नकाशा बदलला. जुन्या मुंबई राज्यातले कानडी भाषिक जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बेळगावही त्यांच्यासोबत गेलं, आणि ती जखम अजून भरलेली नाही. इकडे मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे आले, हैदराबाद राज्यातून मराठवाडा आला, शिवाय सौराष्ट्र आणि कच्छही आले. मराठी आणि गुजराती अशा दोन भाषांचं हे मोठं राज्य. लोक त्याला 'द्विभाषिक' म्हणत. आमच्या चाळीतली जुनी माणसं अजूनही "द्विभाषिकाच्या काळात" असं बोलतात, जणू तो एखादा ऋतू होता.

हे राज्य मराठी माणसाने मागितलेलं नव्हतं. मागणी होती मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची. २१ नोव्हेंबर १९५५ला मुंबईत विधानसभेवर मोर्चा निघाला, तो फ्लोरा फाउंटनपाशी अडवला गेला, गोळीबार झाला. त्या जागेला आपण आज हुतात्मा चौक म्हणतो. पुढच्या महिन्यांत हुतात्म्यांचा आकडा १०६पर्यंत गेला. ते स्मारक आणि त्या वेळची विधानसभा यांच्यात चालत जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. मोर्चा कुठून कुठे निघाला होता हे पायाखालच्या रस्त्यावरून कळलं की तो इतिहास वेगळाच वाटतो.

तेव्हा विधानसभा नरिमन पॉइंटला नव्हती. रिगल सिनेमासमोर, अपोलो बंदराच्या तोंडाशी जी जुनी दगडी इमारत आहे आणि जिथे आता राज्याच्या पोलीस महासंचालकांचं मुख्यालय आहे, तिथे विधिमंडळ भरत असे. मुळात ती इमारत खलाशांच्या निवासासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेली. १९२८च्या सुमारास ती कौन्सिल हॉल झाली आणि १९८१मध्ये नवीन विधानभवन तयार होईपर्यंत मुंबईतलं कामकाज तिथेच चाललं. त्यामुळे १९५७चे ३९६ आमदार डोळ्यांसमोर आणायचे तर आजचं विधानभवन बाजूला ठेवा आणि त्या इमारतीचा जिना आठवा.

द्विभाषिकाच्या पहिल्याच दिवशी मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. वय ४३. तोवरचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई दिल्लीच्या वाटेवर होते, आणि काँग्रेस आमदारांच्या नेतेपदासाठी यशवंतरावांची लढत झाली भाऊसाहेब हिरे यांच्याशी. त्यात यशवंतराव जिंकले.

१९५७: तीनशे शहाण्णव जागा

फेब्रुवारी-मार्च १९५७मध्ये द्विभाषिकाची एकमेव सार्वत्रिक निवडणूक झाली. जागा ३९६, पण मतदारसंघ ३३९. ही दोन आकड्यांतली तफावत पाहून मुलं नेहमी अडखळतात. तेव्हा ५७ मतदारसंघ द्विसदस्य होते, म्हणजे एका मतदारसंघातून दोन आमदार. उरलेल्या २८२ मतदारसंघांतून एकेक. सत्तावन्न दुणे एकशे चौदा, अधिक दोनशे ब्याऐंशी, झाले तीनशे शहाण्णव.

द्विसदस्य मतदारसंघात एक जागा अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव आणि दुसरी सर्वांसाठी खुली असे. प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नसत. आधी राखीव उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं त्याला राखीव जागा मिळायची. मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे त्याला दुसरी जागा. म्हणजे दुसऱ्या जागेवरही राखीव प्रवर्गातला उमेदवार निवडून येऊ शकत असे. आज एक मतदारसंघ पूर्ण राखीव असतो किंवा पूर्ण खुला. तेव्हा एकाच मतदारसंघात दोन्ही नांदत. लोकसभेतही हीच पद्धत होती. १९५७मध्ये मुंबई शहर मध्य या लोकसभा मतदारसंघातून कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जी. के. माने असे दोघे निवडून आले. गिरणगावातला मतदार एक मत कम्युनिस्टाला आणि दुसरं फेडरेशनला देतो आहे, हे चित्र त्या काळच्या मुंबईबद्दल जेवढं सांगतं तेवढं एखादं जाड पुस्तकही सांगणार नाही. १९६१मध्ये संसदेने कायदा करून ही द्विसदस्य पद्धत संपवली.

मतदानाची तऱ्हाही वेगळी होती. माझी आजी लालबागला राहायची. तिला अक्षरओळख नव्हती. ती सांगायची, "कागदावर काही लिहायचं नव्हतं गं, कागद फक्त पेटीत टाकायचा." प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. मतपत्रिका आपल्या माणसाच्या पेटीत टाकली की झालं मत. एकाच मतपत्रिकेवर सगळी नावं आणि शिक्का मारायचा, ही पद्धत १९६२च्या निवडणुकीपासून रुळली.

आता निकाल. काँग्रेस २३४. प्रजा समाजवादी पक्ष ३६. शेतकरी कामगार पक्ष ३१. कम्युनिस्ट पक्ष १३. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन १३. जनसंघ ४. हिंदू महासभा १. अपक्ष ६४. बेरीज करून पाहा, बरोबर ३९६ होते.

या यादीत एक नाव सापडत नाही, आणि नेमकं ते नाव त्या निवडणुकीत सर्वांत जास्त गाजत होतं: संयुक्त महाराष्ट्र समिती. मुलं निकालाचा तक्ता पाहतात आणि विचारतात, समिती हरली का? समिती हरली नव्हती. पश्चिम महाराष्ट्रात तर तिने काँग्रेसची दाणादाण उडवली होती. पण समिती हा एक पक्ष नव्हता, ती आघाडी होती. ६ फेब्रुवारी १९५६ला पुण्यात ती स्थापन झाली. डांगे अध्यक्ष, एस. एम. जोशी सरचिटणीस. तिच्यातले समाजवादी आपल्या नावाने लढले, शेकापवाले आपल्या नावाने, कम्युनिस्ट आणि फेडरेशनही आपापल्या नावाने, आणि बाकी कित्येक जण अपक्ष म्हणून. त्यामुळे समितीची खरी ताकद तक्त्यात पाच रकान्यांत विखुरलेली आहे. गुजरातच्या बाजूला इंदुलाल याज्ञिक यांच्या महागुजरात जनता परिषदेचंही असंच. वेगळ्या गुजरातसाठी लढणारी ती आघाडी. म्हणून ६४ अपक्ष पाहून 'कोणत्याच पक्षात नसलेले लोक' असा अर्थ लावू नका. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मागे फार मोठं आंदोलन उभं होतं.

एस. एम. जोशी पुण्याच्या शुक्रवार पेठेतून आले. आचार्य अत्रे दादरमधून. यशवंतराव कराडमधून निवडून आले खरे, पण शेकापच्या केशवराव पवारांनी त्यांना शेवटपर्यंत घाम फोडला, आणि मुख्यमंत्र्यांचं मताधिक्य अगदी थोडं राहिलं. मुख्यमंत्र्याची स्वतःची जागा जेमतेम वाचते तेव्हा त्याला लोकांच्या मनात काय आहे ते दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही. माझ्या मते १९६०च्या निर्णयाकडे जाणारा रस्ता तिथूनच सुरू झाला. काँग्रेसला बहुमत मिळालं ते मुख्यतः गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या जोरावर, आणि ज्या मुलखासाठी भांडण चाललं होतं तिथे ती कोसळली होती.

सभागृहाची माणसं आणि त्यांच्या खुर्च्या

इथे थोडं थांबून पदांचा गोंधळ निस्तरू या, कारण वर्तमानपत्रांतही तो दिसतो.

विधानसभेत जो मधल्या उंच आसनावर बसतो तो अध्यक्ष. विधान परिषदेत त्याच जागी बसणारा सभापती. मुख्यमंत्री सरकारचा प्रमुख. तो बहुतेक वेळा सभागृह नेताही असतो, म्हणजे सत्ताधारी बाजूच्या कामकाजाची दिशा तो ठरवतो. राज्यपाल सभागृहाचा सदस्य नसतो, पण अधिवेशन बोलावणं, विधेयकावर सही करणं ही कामं त्याची. आणि विरोधी पक्षनेता म्हणजे सरकारला प्रश्न विचारणाऱ्या बाजूचा मान्यताप्राप्त नेता.

१९५७च्या सभागृहाचे अध्यक्ष होते सयाजी लक्ष्मण सिलम. त्यांच्या आधी द. का. कुंटे अध्यक्ष होते. विधान परिषदेत १९६०पासून सभापती झाले वि. स. पागे, जे पुढे रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ओळखले गेले आणि तब्बल १९७८पर्यंत त्या आसनावर राहिले. राज्यपाल श्रीप्रकाश. मंत्रिमंडळातली काही नावं पाहा: मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, बाळासाहेब देसाई, डॉ. जीवराज मेहता. तरुण शंकरराव चव्हाणही नांदेडकडून त्याच सभागृहात आले होते. यशवंतरावांनंतर कन्नमवार मुख्यमंत्री झाले, त्यांच्या निधनानंतर काही दिवस बाळासाहेब (पी. के.) सावंत, मग वसंतराव नाईक, मग शंकरराव चव्हाण. १९७७पर्यंत महाराष्ट्राची धुरा ज्यांनी वाहिली ते सगळे या एका सभागृहात एकत्र बसलेले होते.

वसंतराव नाईकांचं उदाहरण मला फार आवडतं, कारण सदस्यत्व म्हणजे काय हे त्यातून सहज कळतं. १९५२मध्ये ते पुसदमधून निवडून आले, पण मध्य प्रदेशच्या विधानसभेवर, कारण विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि ती विधानसभा नागपुरात भरत असे. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्विभाषिकात आला तसे ते निवडणूक न लढवता मुंबईच्या विधानसभेचे सदस्य झाले. १९५७ला पुन्हा पुसदहून निवडून आले. १ मे १९६०ला पुन्हा निवडणुकीशिवाय महाराष्ट्र विधानसभेत आले. दोन निवडणुका आणि तीन विधानसभा. पुसदचा मतदार मात्र तोच, गावही तेच. राज्याच्या सीमा त्यांच्या अंगावरून सरकत गेल्या.

म्हणजे १९६०ला जे झालं ते पहिल्यांदा होत नव्हतं. १९५६ला हीच युक्ती जोडण्यासाठी वापरली गेली होती, १९६०ला ती तोडण्यासाठी वापरली.

एक सभागृह, दोन राज्यं

नोव्हेंबर १९५७मध्ये पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा समितीने केलेली निदर्शनं दिल्लीपर्यंत पोहोचली. १९५९मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि द्विभाषिकाचा फेरविचार सुरू झाला. वर्षअखेरीपर्यंत विभाजन नक्की झालं.

आता कायद्याची बाजू. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपती ते विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागण्यासाठी पाठवतात. विधिमंडळाने काय म्हटलं ते संसदेवर बंधनकारक नसतं, पण मत मागावं लागतं. त्याप्रमाणे १९६०च्या वसंतात मुंबईच्या त्या कौन्सिल हॉलमध्ये ३९६ आमदार आपल्याच सभागृहाच्या वाटणीवर बोलायला उभे राहिले. एकत्र राहणाऱ्या भावांनी वाटणीपत्र वाचावं तसा तो प्रसंग. त्या सभागृहात मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळ्या भाषा बोलल्या जात. २५ एप्रिल १९६०ला मुंबई पुनर्रचना कायदा झाला आणि १ मे हा दिवस ठरला.

या कायद्यातलं एक वाक्य फार कमी लोकांना माहीत आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्याची किल्ली आहे. आपल्याला वाटतं की १ मे १९६०ला दोन नवी राज्यं जन्मली. कायदा तसं म्हणत नाही. कायद्याने गुजरात हे नवं राज्य स्थापन केलं आणि मुंबई राज्याचा उरलेला भाग 'महाराष्ट्र' या नावाने ओळखला जाईल असं सांगितलं. म्हणजे कायद्याच्या नजरेत महाराष्ट्र हे नवं नाव लाभलेलं जुनंच राज्य आहे. आणि त्याची विधानसभा म्हणजे १९५७ची चालू असलेलीच विधानसभा.

हे कळलं की पुढच्या गोष्टी आपोआप सुटतात. गुजरातकडे गेलेल्या मतदारसंघांतले आमदार मुंबईच्या विधानसभेचे सदस्य राहिले नाहीत, आणि ते गुजरातच्या विधानसभेवर 'निवडून आल्याचे मानण्यात येईल' असं कायद्यात लिहिलं गेलं. ते १३२ जण. उरलेले २६४ जागचे हलले नाहीत. दोनशे चौसष्ट अधिक एकशे बत्तीस म्हणजे पुन्हा तीनशे शहाण्णव. सिलम अध्यक्ष होते, ते अध्यक्षच राहिले. राज्यपाल श्रीप्रकाशही मुंबईतच राहिले. विधान परिषद महाराष्ट्राकडे राहिली, म्हणून आजही आपल्याकडे दोन सभागृहं आहेत आणि गुजरातमध्ये एकच. पाच वर्षांची मुदतही नव्याने सुरू झाली नाही. ती १९५७पासूनच मोजली गेली, गुजरातचीही. म्हणून दोन्ही राज्यांत पुढची निवडणूक एकाच वेळी, १९६२मध्ये आली.

गुजरातला मात्र सगळं नव्याने मांडावं लागलं. राजधानी तूर्त अहमदाबाद. साबरमती आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते राज्याचं उद्घाटन झालं. मेहदी नवाझ जंग राज्यपाल आणि कल्याणजी मेहता पहिले अध्यक्ष. मुख्यमंत्री झाले डॉ. जीवराज मेहता, जे काल-परवापर्यंत मुंबईच्या मंत्रिमंडळात यशवंतरावांच्या शेजारी बसत. आमच्या परळच्या लोकांनी तर त्यांची आठवण विशेष ठेवायला हवी, कारण केईएम रुग्णालय आणि जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता तेच. पुढे गुजरातचे मुख्यमंत्री झालेले हितेंद्र देसाई हेही त्याच द्विभाषिकाच्या सभागृहातले.

सीमेवरच्या काही गावांचं मात्र एवढं सरळ झालं नाही. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदे या तालुक्यांतली काही गावं गुजरातला दिली गेली. डांगही तिकडेच गेला. त्यावरून मराठी आमदारांनी सभागृहात आवाज उठवला होता. तिथले मतदार एका आमदाराला मत देऊन झोपले आणि दुसऱ्या राज्यात उठले. मोठ्या आनंदाच्या वेळी अशी गावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. मला ती राहतात.

विरोधी बाकांवर कोण

२०२४च्या निकालानंतर विरोधी पक्षनेतेपद हा शब्द घराघरांत पोहोचला. '१० टक्के जागा नसतील तर पद मिळत नाही' असं सगळे म्हणत होते. म्हणून मुलांना मी १९५७चा तक्ता पुन्हा उघडायला लावला. सर्वांत मोठा विरोधी पक्ष प्रजा समाजवादी, ३६ जागा. ३९६चे दहा टक्के म्हणजे चाळीसच्या जवळ. म्हणजे दहा टक्क्यांचा दंडक तेव्हा लावला असता तर १६२ बिगर-काँग्रेस आमदार असलेल्या त्या जबरदस्त सभागृहात एकाही पक्षाला ते पद मिळालं नसतं!

प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या पहिल्या विधानसभेत विरोधी पक्षनेते होते रिपब्लिकन पक्षाचे आर. डी. भंडारे. रिपब्लिकन पक्ष १९५७च्या निवडणुकीत नव्हताच. तो ऑक्टोबर १९५७मध्ये स्थापन झाला आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन त्यात विलीन झालं. फेडरेशनचे आमदार सगळ्या द्विभाषिकात मिळून १३. इतक्या छोट्या पक्षाचा नेता विरोधी बाकांचा नेता होऊ शकला, कारण तो विरोध एका पक्षाचा नव्हता, अनेक पक्षांनी मिळून उभा केलेला होता. भंडारे पुढे काँग्रेसमध्ये गेले, लोकसभेवर निवडून आले आणि बिहारचे राज्यपालही झाले. पक्षांतरबंदी कायदा १९८५चा. त्याआधी असे प्रवास कायद्याने अडत नसत.

आणि दहा टक्क्यांचं म्हणाल, तर विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा महाराष्ट्राचा कायदा १९७८चा आहे. त्यात दहा टक्के असा आकडा नाही. विरोधी पक्षांत ज्याचं संख्याबळ सर्वाधिक आणि ज्याला अध्यक्षांनी किंवा सभापतींनी मान्यता दिली तो विरोधी पक्षनेता, असा त्याचा आशय आहे. दहा टक्के ही संसदेकडून आलेली प्रथा. प्रथा आणि कायदा यांत फरक करायला शिकलं पाहिजे, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगते, कारण सत्तेच्या जवळचे लोक सोयीप्रमाणे एकाला दुसऱ्याचं नाव देतात.

त्या सभागृहाने काय मागे ठेवलं

मुंबईत ज्याने कोणी घर घेतलं असेल त्याने मुद्रांक शुल्क भरलंच असेल. ते ज्या कायद्याखाली भरलं जातं तो मूळ मुंबई मुद्रांक अधिनियम, १९५८. याच सभागृहाने केलेला, मराठी आणि गुजराती आमदारांनी एकत्र बसून. आज त्याचं नाव महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम आहे, आणि तोच कायदा तिकडे गुजरातच्या नावाने चालतो. वाटणी झाली तरी दोन्ही घरांत एकाच टाकसाळीचं भांडं राहिलं आहे. ग्रामपंचायतींचा कायदाही १९५८चाच. आज गावोगावी ज्या ग्रामसभा भरतात त्यांचा पाया तो.

१ मे १९६० नंतरच्या २६४ जणांनी पावणेदोन वर्षांत केलेलं काम तर थक्क करणारं आहे. सहकारी संस्था अधिनियम, १९६०: साखर कारखान्यांपासून तुमच्या-माझ्या गृहनिर्माण सोसायटीपर्यंत सगळं त्याच्याखाली आलं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींशी वाद घालताना आपण नकळत त्या आमदारांच्याच शब्दांवर उभे असतो. १९६१चा शेतजमीन कमाल धारणा कायदा. आणि जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१, ज्याची तयारी वसंतराव नाईक समितीने केली होती. १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढच्या पिढीतले कित्येक आमदार आणि मंत्री आधी जिल्हा परिषदेत घडले, ते याच कायद्यामुळे.

नागपूर करारात १९५३मध्ये विदर्भाला दिलेला शब्दही याच विधानसभेने पाळायला सुरुवात केली. वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं होतं. १९६०मध्येच ते भरलं. हिवाळी अधिवेशन तेव्हापासून नागपूरचं झालं, आणि वसंतराव नाईकांसारखे सदस्य ज्या शहरात १९५२ला एका राज्याचे आमदार म्हणून बसले होते, तिथे आता दुसऱ्या राज्याचे मंत्री म्हणून परत आले.

१९६२मध्ये द्विसदस्य मतदारसंघ गेले, पेट्यांच्या जागी शिक्के आले, आणि महाराष्ट्र म्हणून महाराष्ट्राने पहिल्यांदा मत दिलं. २६४पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. मागणी पूर्ण झाल्यावर समितीतले पक्ष पुन्हा आपापल्या वाटांनी गेले होते. मार्चमध्ये सिलम अध्यक्षपदावरून उतरले आणि पुढच्या वर्षी पाँडिचेरीचे नायब राज्यपाल झाले. त्यांच्या जागी शेवगावचे बाळासाहेब भारदे आले, आणि ती झाली दुसरी विधानसभा.

माझ्या विद्यार्थिनीने वहीत १९६२च्या वर थोडी जागा करून १९५७ लिहिलं, आणि कंसात '३९६ पैकी २६४'.